खोडाला मफलर नको

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

फुटपाथवरच्या झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट चढवतात, त्याबद्दल मध्ये तुमच्या पेपरात दोन-तीन पत्रं आली. सगळी पटली. पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून मी लिहायला बसलेय. जिथे काँक्रीट नाहीये, माती आहे, माळी येतो, पाण्याचा पाइप आहे, अशा सोसायट्यांच्या कंपाउंडमधली झाडंसुद्धा आपण मारतो, आणि तीही लाड करून, खोडाला टेकून पाल्याचे ढीग घालून. आमच्याकडे हे पाप मीच केलंय, त्यामुळे कोणाकडे बोट दाखवायचा प्रश्नच नाही.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. बिल्डिंग जुनी, विंगा चार, पण आम्ही गमतीने साडेतीन म्हणतो कारण चौथीची लिफ्ट वर्षातले सहा महिने बंदच असते. कंपाउंडमध्ये दोन रेन ट्री, एक बदाम, तीन नारळ, करंज, बकुळ आणि गेटजवळ एक सोनचाफा होता. होता म्हणतेय ते पुढे कळेलच. मिठागरं जवळ, त्यामुळे आमच्या जमिनीत वरती हातभर माती आणि खाली सगळा भराव, खणायला गेलं की विटांचे तुकडे आणि कधीकधी कोणाच्या तरी बाथरूमच्या टाइल्स निघतात. अशा जमिनीत झाडं उभी आहेत हेच खूप. तर दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये रेन ट्री पानं टाकायला लागले की आमच्याकडे रोज आठ-दहा पोती पाला निघायचा, झाडूवाली बाई कंटाळायची, आणि आधीचा वॉचमन तर मागच्या बाजूला नेऊन गुपचूप काडी लावायचा, दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांचे वाळत घातलेले कपडे धुराचे वास मारायचे.

मी रिटायर झाल्यावर कमिटीत आले आणि पहिला मुद्दा हाच काढला, की पाला जाळायचा नाही, घनकचऱ्याच्या नियमांत उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे आणि बागेचा कचरा वेगळा ठेवायला सांगितलंय, तर आपण तो आपल्याच झाडांच्या बुडाशी घालूया. मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ बघितले होते, मल्चिंग मल्चिंग म्हणून (म्हणजे झाडाभोवतीची माती पाल्याने झाकायची, आच्छादन), म्हटलं झालं, मला सगळं कळलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी आणि माळ्याने मिळून प्रत्येक झाडाभोवती विटांचं गोल रिंगण केलं आणि आत पाला, नारळाचा काथ्या, गवत कापलेलं, असं सगळं दाबून दाबून भरलं, चौपाटीवर पोरं वाळूचा डोंगर करतात तसा, मध्ये खोड आणि चारी बाजूंनी दीड फूट उंच उतरता ढीग. दिसायला फार सुंदर. ग्रुपवर फोटो टाकला तर चाळीस अंगठे आले, जे मेंटेनन्सचे पैसे भरतानासुद्धा रिप्लाय देत नाहीत त्यांचेही.

उन्हाळा चांगला गेला, खरं सांगायचं तर फारच चांगला, त्यामुळे माझी कॉलर टाइट. मग पाऊस लागला. ऑगस्टच्या सुमारास सोनचाफ्याची पानं पिवळी पडायला लागली. हा सोनचाफा सात वर्षांचा होता, आणि त्याची फुलं कोणी तोडायची यावरून ए विंग आणि बी विंगमधल्या दोन बायका दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, इतका तो महत्त्वाचा. मला वाटलं खत कमी पडतंय, खत घातलं. पानं आणखी गळली. गणपतीत वाटलं पाऊस थोडा उघडलाय, पाणी कमी पडत असेल, म्हणून वरून बादल्या ओतल्या. म्हणजे बुडणाऱ्याला आणखी पाणी पाजायचा प्रकार.

गणपतीला माझा मावसभाऊ सावंतवाडीहून आला होता, त्याची तिकडे आंबा-काजूची कलमं आहेत. गेटमधून आत येता येता त्याने झाडाकडे बघितलं आणि म्हणाला, "अगो, ह्या झाडाक मफलर कित्याक गुंडाळलंस?" मी हसले. तो काही हसला नाही. हातातली पिशवी खाली ठेवून तिथेच उकिडवा बसला आणि हाताने ढीग बाजूला करायला लागला. वरचा थर कोरडा, आत गेलं की गरम, आणि खोडाजवळ तर काळा चिकट लगदा, उघडलेल्या गटारासारखा वास. साल बोटाने दाबली तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली. आत पांढरी बुरशीची जाळी. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) खोडाला जमिनीच्या वर, त्या ढिगातच, बारीक मुळं फुटून ती खोडाभोवती गोल फिरायला लागली होती. तो एवढंच म्हणाला, "खोडाक वारो लागाक व्हयो." सोनचाफा दिवाळीपर्यंत गेला. मेलेलं झाड काढायलासुद्धा अर्ज लागतो, १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आपल्या राज्यात, तो अर्ज मीच लिहिला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न पडला, शेवटी "सुकले" एवढंच लिहिलं.

तर आता मावसभावाने जे समजावलं आणि त्यानंतर मी जे वाचून, विचारून आणि उरलेल्या झाडांवर करून बघितलं ते लिहिते.

मूळ आणि खोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला साठ वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे शाळेत आकृती काढली होती, पण कळलं नव्हतं. मुळाची साल ओलीत राहायलाच बनलेली असते, खोडाची साल कोरड्यात राहायला. खोडालासुद्धा हवा लागते, सालीवर बारीक छिद्रं असतात त्यातून ते श्वास घेतं. त्या सालीला चार महिने ओलं कांबळं गुंडाळून ठेवलं तर ती कुजणार, त्यातून बुरशी आत शिरणार, आणि सालीच्या लगेच आतून पानांनी बनवलेलं अन्न मुळांकडे खाली जात असतं तो रस्ताच बंद होणार. मुळं उपाशी, म्हणून पानं पिवळी, आणि आपण वरून खत घालत बसतो. आणि त्या ढिगात जी नवी मुळं फुटतात ती बाहेर न जाता खोडाभोवती वेटोळं घालत जाड होतात आणि काही वर्षांनी खोडालाच आवळतात. शिवाय एवढा उबदार ढीग म्हणजे उंदीर-घुशींना आयतं घर, मुंबईत त्यांना आमंत्रण लागत नाही.

झाड जमिनीत शिरतं तिथे बुंधा जरा पसरट होतो, हत्तीच्या पायासारखा. तो पसरट भाग उघडा दिसला पाहिजे. हीच खूण. तुमच्या झाडाचं खोड विजेच्या खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं दिसत असेल तर समजायचं की एकतर लावतानाच खोल लावलंय नाहीतर वरून माती-पाला चढवलाय, आणि हळूहळू हाताने किंवा खुरप्याने ते उकरून बुंधा मोकळा करायचा. कुदळ नको, साल सोलली जाते.

आता पाला घालायचा कसा. खोडापासून एक वीत जागा पूर्ण रिकामी सोडायची. अगदी छोटं रोप असेल तर चार-पाच बोटं चालतील, पण टेकवायचं काहीच नाही. तिथून पुढे बाहेरच्या बाजूला पसरायचं, आणि जितकं लांब जमेल तितकं. लोक बुडाशीच ढीग करतात कारण त्यांना वाटतं मुळं बुडाशी असतात, तर पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळं असतात वरच्या फूट-दीड फूट मातीत आणि ती फांद्यांच्या टोकापर्यंत, बऱ्याचदा त्याच्याही बाहेर गेलेली असतात. म्हणजे झाडाचं तोंड खोडापासून लांब आहे आणि आपण घास त्याच्या मानेवर ठेवतोय. फांद्यांच्या घेरापर्यंत पाला पसरता आला तर उत्तम, नाहीतर लहान झाडाला निदान तीन फूट व्यासाचं आळं तरी. आकार डोंगराचा नको, मेदूवड्याचा पाहिजे, मध्ये भोक. आमच्या माळ्याला मी हेच सांगितलं, त्याला एका सेकंदात कळलं, व्हिडिओची गरज पडली नाही.

जाडी दोन ते चार इंच. फांद्यांचे तुकडे असतील तर चार चालतात कारण मधून हवा खेळते, बारीक पाला किंवा भुसा असेल तर दोनच. जास्त घातलं म्हणजे जास्त फायदा असं नाहीये, जाड थर झाला की साध्या शिडकाव्याचं पाणी वरचा पालाच पिऊन टाकतो आणि खाली माती कोरडी ठणठणीत. म्हणून घालायच्या आधी गवत उपटून मातीला पोटभर पाणी द्यायचं, मग पाला. आणि नंतर पाणी द्यायचं की नाही ते वरून बघून ठरवायचं नाही, पाला सरकवून मातीत बोट घालून बघायचं. आमच्याकडे नीट आच्छादन केल्यावर एप्रिल-मेमध्ये रोजचं पाणी तीन दिवसांआड आलं, टँकर मागवायच्या दिवसांत ही काही छोटी गोष्ट नाही.

पाला कुठला, यावर तर मी आता तासभर बोलू शकते, घरचे उठून जातात. रेन ट्री, गुलमोहर, चिंच यांची बारीक पानं सगळ्यात सोपी, पसरली की बसतात आणि लवकर मुरतात. बदाम, फणस, आंबा, रबराचं झाड यांची पानं मोठी आणि चामड्यासारखी, ती तशीच टाकली तर एकावर एक चिकटून कौलांचं छप्पर होतं आणि पाणी वरून वाहून जातं. ती आधी वाळू द्यायची आणि पोत्यात भरून पायाने तुडवून चुरा करायचा. आमच्या सोसायटीतल्या पोरांना हे काम सांगितलं की फुकटात आणि आनंदाने होतं. कापलेलं हिरवं गवत जाड थरात घालू नका, तापतं आणि आंबूस वास सुटतो, एक-दोन दिवस वाळवून पातळ पसरलं तर चालतं. सुताराकडचा प्लायवूडचा, रंगाचा भुसा अजिबात नको. साधा लाकडाचा भुसा असला तरी मातीत मिसळायचा नाही, कारण तो कुजवणारे जीव मातीतलाच नायट्रोजन खेचतात आणि झाड पिवळं पडतं, वरती पातळ पसरला तर तेवढा त्रास होत नाही. निर्माल्य आणून झाडाच्या बुडाशी ओतणारे भाविक प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांना हात जोडून सांगायचं की दोरे, प्लास्टिक, नारळाची शेंडी आणि कुजलेला झेंडू म्हणजे झाडाचा नैवेद्य नाही, ते खताच्या पिंपात टाका. किचनचा ओला कचरा पण नाही, परत घुशी.

नारळपाणीवाल्याकडचे शहाळ्याचे तुकडे मिळाले तर सोन्याहून पिवळं, पण ते उपडे घालायचे, वाटीसारखे उताणे ठेवले की पावसात त्यात पाणी साचून डास होणार. कोकणात नारळाच्या बुडाशी सोडणं (नारळाची वरची जाड सालं) पुरतात ती ओल धरून ठेवायलाच, माझ्या सासरी देवगडकडे उन्हाळ्याच्या तोंडावर कलमांच्या आळ्यात पातेरा, म्हणजे वाळका पाला, घालायचे तोही त्यासाठीच. म्हणजे व्हिडिओ बघून मी जे शिकले ते माझ्या सासूबाई टोपलीतून डोक्यावर वाहून न्यायच्या आणि त्याला काही नाव आहे हे त्यांना माहीतही नव्हतं. तेव्हा मी लक्ष दिलं नाही. असो.

काळं-चंदेरी प्लास्टिकचं मल्चिंग पेपर मिळतं, ते महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आणि कलिंगडाला ठीक, एका हंगामाचं पीक आहे ते. झाडाखाली प्लास्टिक अंथरून वर पांढरे गोटे टाकायची नवी फॅशन नव्या टॉवरमध्ये दिसते, त्यात मातीला ना हवा ना पाणी ना खत, वर गोटे उन्हात तापतात ते वेगळंच. फोटोत छान येतं म्हणे.

आता मुंबईचा मुद्दा, जो कुठल्याच बाहेरच्या व्हिडिओत नसतो. आपल्याकडे चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. म्हणजे आच्छादन मुख्यतः ऑक्टोबर ते मेसाठी हवं. आम्ही आता दसरा झाला, पाऊस पूर्ण गेला, की दिवाळीच्या साफसफाईबरोबर आळी साफ करून पहिला थर घालतो, ऑक्टोबर हीटमध्येच फरक दिसतो. मग जानेवारीत बदाम लाल होऊन पानं टाकतो, नंतर रेन ट्री, पिंपळ, म्हणजे नेमका एप्रिल-मेच्या आधी झाडंच आपला माल आपल्या दारात आणून टाकतात, त्याने दुसरा थर. आणि मृगाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, जे मुरलं नसेल ते खोडापासून आणखी हातभर मागे ओढून इंचभरच ठेवायचं. अगदी उघडी माती ठेवायची नाही, धो धो पावसात तीच धुऊन जाते, पण जाड ढीगही नको, तो वाहत जाऊन गटाराच्या जाळीत बसतो. २६ जुलै २००५ ला एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, आमच्या तळमजल्यावाल्यांना अजून गटाराची जाळी तुंबलेली दिसली की घाम फुटतो आणि त्यांचं बरोबर आहे. जास्तीचा पाला कोपऱ्यात खताच्या खड्ड्यात, दिवाळीला तेच खत.

ग्रुपवर तीन आक्षेप येतातच. डेंग्यू होईल म्हणतात, तर डासांना साचलेलं पाणी लागतं, दोन इंच सैल पाल्यात पाणी साचत नाही, कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचतं, त्या आधी उलट्या करा. वाळवी येईल म्हणतात, ती मेलेलं लाकूड खाते आणि ओल शोधते, पाला खोडाला आणि बिल्डिंगच्या भिंतीला टेकू दिला नाही तर काळजीचं फार कारण नाही, भिंतीपासून दोन फूट सोडा. तिसरा आक्षेप, "कचरा वाटतो". याला माझ्याकडे उत्तर नाहीये. आपल्याला झाडाखालची जमीन शेणाने सारवल्यासारखी गुळगुळीत लागते. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सागाची एवढाली पानं वर्षानुवर्षं तशीच पडून असतात, कोणी झाडू मारत नाही आणि झाडं मरत नाहीत, पण ते तिकडे. म्हणून आम्ही विटांचं रिंगण ठेवलंय, आतला पाला आपोआप "गार्डन" वाटतो, बाहेर सांडला की कचरा. दोन विटांनी आपली सोसायटी शांत झाली. आणि हो, खोडांना गेरू-चुना फासायचा बंद केला, त्याने आच्छादनाचं काम होत नाही, पैसे मात्र जातात.

बकुळ आणि करंज वाचले. त्यांचेही ढीग मावसभावाने त्याच दिवशी मोकळे केले होते, बकुळीची साल एका बाजूला काळी झाली होती, पण खोलवर कुजली नव्हती. बुंधा उघडा ठेवला, पाऊस संपेपर्यंत काही म्हणजे काही घातलं नाही, आता त्या बाजूची कड भरून येतेय.

शेवटी महापालिकेला एक विनंती, तुमच्या पेपरातून वाचतील म्हणून. पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये शहरभर फांद्यांची छाटणी होते, ट्रकच्या ट्रक भरून माल जातो. पालिकेच्या २०१८ पर्यंतच्या गणनेत मुंबईत २९ लाख ७५ हजारांच्या आसपास झाडं मोजली गेली होती, म्हणजे हा माल किती असेल विचार करा. त्या फांद्यांचा मशीनवर चुरा करून जवळच्या मैदानात ढीग केला आणि "घेऊन जा" अशी पाटी लावली तर आमच्यासारख्या सोसायट्या रांग लावतील, फक्त कीड लागलेल्या फांद्या त्यात नकोत, आमच्या भागात मिलीबगने मोठमोठे रेन ट्री गेलेले आम्ही बघितलेत. आणि फुटपाथ नवे करताना झाडाभोवती आळ्याएवढी उघडी जागा सोडाच, दिल्लीसाठी राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले चालवतं ते न्यायालय) २०१३ मध्येच खोडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. जागाच नसेल तर पाला घालणार कुठे.

गेटजवळच्या रिकाम्या आळ्यात या जूनमध्ये नवा सोनचाफा लावतोय. दोन्ही विंगांतल्या त्या बायका आता बोलायला लागल्यात, कारण दोघी मिळून माझ्यावर नजर ठेवून आहेत. आणि आसपासच्या कोणाला वाळलेला रेन ट्रीचा पाला हवा असेल तर मार्चमध्ये मुलुंड पूर्वेच्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या गेटवर विचारा, मिळेल, फक्त पोती रिकामी करून परत आणून द्या, पोत्यांचीच टंचाई आहे.

आपली नम्र,
कमिटीतली एक मेंबर, मुलुंड पूर्व